लायकीचा दाखला

१८ नोव्हेंबर १९२४ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, अ‍ॅमहर्स्ट काउंटीच्या न्यायालयात, आठ महिन्यांच्याही आतल्या एका बाळाविषयी साक्षी झाल्या. बाळाचं नाव व्हिव्हियन. आरोपी ती नव्हती, खरं म्हणजे कुणीच आरोपी नव्हतं. प्रश्न तिच्या आईचा, कॅरी बकचा होता. कॅरी अठरा वर्षांची. लिंचबर्गजवळ मिरगीचे रुग्ण आणि मतिमंद यांच्यासाठी राज्याने चालवलेली एक वसाहत होती, तिथे तिला ठेवलं होतं. तिची आई एमाही तिथेच. त्याच वर्षी व्हर्जिनियाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता आणि तो न्यायालयात टिकतो का हे पाहण्यासाठी वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी कॅरीला निवडलं. दोष रक्तातूनच उतरतो हे ठसवायला दोन पिढ्या हाताशी होत्या. तिसरी पाळण्यात होती.

म्हणून बाळाकडे पाहणारी माणसं बोलावली गेली. समाजसेविका कॅरोलाइन विल्हेल्म हिने सांगितलं की, इतक्या लहान मुलाबद्दल ठरवणं अवघड आहे आणि आईची माहिती असल्यामुळे कदाचित आपलं मत पूर्वग्रहाचंही असेल, पण हे बाळ काही अगदी नेहमीसारखं दिसत नाही. नेमकं काय वेगळं आहे ते मात्र सांगता येत नाही. आर्थर एस्टाब्रूक हा वंशसुधारणावादी संशोधक न्यूयॉर्क राज्यातल्या एका संस्थेतून आला होता. त्याने सहा महिन्यांच्या मुलांची म्हणून जी चाचणी असे ती व्हिव्हियनवर केली आणि ती सरासरीच्या खाली असल्याचा निर्वाळा दिला. एवढ्यावर तीन पिढ्यांची साखळी पुरी झाली. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने राज्याची बाजू उचलून धरली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कॅरीची नसबंदी झाली.

कॅरी ज्या घरात वाढायला ठेवली होती, त्या घरातल्या बाईच्या भाच्याने तिच्यावर बलात्कार केला होता. घरच्यांनी लाज झाकायला तिला वसाहतीत धाडलं. या गोष्टीचा खटल्यात उच्चार नाही. तिच्या वतीने उभा राहिलेला वकील प्रत्यक्षात विरुद्ध पक्षाच्या मंडळींपैकीच होता, हे पुढे इतिहासकारांनी दाखवून दिलं. व्हिव्हियन शार्लट्सव्हिलच्या शाळेत गेली. १९३१ च्या एप्रिलमध्ये तिचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं. पुढच्या वर्षी, आठव्या वर्षी, आजाराने गेली. कॅरी १९८३ पर्यंत जगली. उतारवयात तिला भेटलेल्यांनी लिहून ठेवलंय की ती रोजचं वर्तमानपत्र वाचायची, शब्दकोडी सोडवायची.

अशा कायद्यांच्या आडोशाने अमेरिकेत साठ हजारांहून अधिक लोकांची सक्तीने नसबंदी झाली. त्यातले सुमारे वीस हजार एकट्या कॅलिफोर्नियात. तिथला कायदा १९०९ चा, आणि तो रद्द झाला १९७९ मध्ये. हे शेवटचं साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण अपंगांच्या हक्कांची जी चळवळ आज जगभर माहीत आहे ती याच कॅलिफोर्नियात, हा कायदा पुस्तकात जिवंत असतानाच उभी राहिली.

ती गोष्ट बहुधा एड रॉबर्ट्सपासून सांगतात. चौदाव्या वर्षी पोलिओ झालेला, रात्री लोखंडी फुफ्फुसाच्या यंत्रात झोपणारा हा मुलगा १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. वसतिगृहात ते यंत्र मावेना, म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल इस्पितळातच त्याची राहायची सोय झाली. त्याच्यामागून आणखी काही जण आले, इस्पितळाचा तो मजला म्हणजे चळवळीचा अड्डा झाला, आणि १९७२ मध्ये बर्कलीत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ सुरू झालं. अपंग माणसाचं काय करायचं हे डॉक्टरने नव्हे, त्याने स्वतः ठरवायचं. मदतनीस तो नेमेल, कामावरून काढेलही तोच. आणि रस्त्याकडेच्या पदपथाला उतार करून देणं हे पालिकेचं काम. या मागण्या आज साध्या वाटतात.

ज्यूडी ह्यूमन १९७३ मध्ये तिथे पोहोचली. दीड वर्षाची असताना पोलिओ. ब्रुकलिनच्या शाळेने तिला लहानपणी ‘आगीच्या वेळी धोका’ म्हणून नाकारलं होतं आणि ती शिक्षिका व्हायला निघाली तेव्हा न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने पुन्हा तोच मुद्दा काढला. १९७० मध्ये तिने मंडळावर दावा ठोकला आणि परवाना मिळवला. बर्कलीत तिच्याबरोबर किटी कोन होती. किटीला स्नायूंचा क्षय होत जाणारा आजार होता. डाव्या चळवळींत मुरलेली, मोर्चा कसा बांधायचा आणि कुणाला कुठे उभं करायचं याचं पक्कं गणित असलेली बाई.

१९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ क्रमांकाचं एक छोटं कलम होतं. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याचे नियम निघाल्याशिवाय कलम कागदावरच, आणि नियमांवर सही चार वर्षं होईना. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या संघराज्य सरकारच्या इमारतीत दीडशेच्या आसपास माणसं शिरली आणि तिथेच बसली. चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, पांढऱ्या काठ्या. कित्येकांकडे औषधं नव्हती, मदतनीस नव्हते; झोपताना कूस बदलून द्यायलाही दुसरं माणूस लागे, ते काम एकमेकांनी केलं. दूरध्वनी तोडले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप पोचवले. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते रोज गरम जेवण आणत. महापौर मॉस्कोनी यांनी गाद्या पाठवल्या. २८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली. अमेरिकेत सरकारी इमारत इतके दिवस शांततेने कुणी अडवून धरल्याचं उदाहरण त्याआधी नव्हतं.

आता या इतिहासाच्या कडेला राहिलेली एक गोष्ट. किटी कोनला मूल हवं होतं. देशाच्या सरकारला गुडघ्यावर आणणाऱ्या फळीतली ही बाई. पण खुर्चीवरच्या एकट्या बाईच्या हाती मूल द्यायला तिथे कोण तयार होणार? ती सीमा ओलांडून मेक्सिकोत गेली आणि तिथून तिने मुलगा दत्तक घेतला. तिच्यासारखीच त्या ठिय्यात बसलेली, पोलिओ झालेली कॉर्बेट ओ’टूल हिनेही पुढे जपानहून एक अपंग मुलगी आणून वाढवली. उतार झाले, बसला लिफ्ट बसली, विद्यापीठांची दारं रुंदावली. घराच्या आतली गोष्ट मात्र वेगळी होती. अपंग बाईला नोकरी मिळू शकते हे मान्य करणारी माणसंही, तिला दिवस गेले की विचारत, कुणाच्या भरवशावर?

हा प्रश्न चळवळीतले पुरुष फारसा विचारत नसत. तो शब्दांत मांडला मानसशास्त्रातल्या दोन बायकांनी. मिशेल फाइन आणि एड्रिएन अ‍ॅश. अ‍ॅश जन्मानंतर थोड्याच काळात अंध झालेली. स्वार्थमोरसारख्या नावाजलेल्या कॉलेजातून १९६९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली आणि आंधळ्या मुलीला नोकरी म्हणजे काय ते तिला कळलं. ती समाजकार्य शिकली, मानसोपचार करू लागली, पुढे सामाजिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९८१ च्या एका निबंधात या दोघींनी दाखवलं की स्त्रीवाद ज्या चौथऱ्यावरून स्त्रीला खाली उतरवू पाहतो, त्या चौथऱ्यावर अपंग स्त्रीला कुणी कधी चढवलंच नव्हतं. बायको आणि आई या जुन्या भूमिका तिला मिळत नव्हत्या, कमावतीची नवी भूमिकाही नाही. १९८८ मध्ये त्यांनी संपादित केलेलं ‘विमेन विथ डिसअ‍ॅबिलिटीज’ हे पुस्तक आलं. या विषयावरच्या अभ्यासाची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात.

मानसशास्त्राकडे वळायचं कारण असं की अपंग आईबापांकडून मूल काढून घेण्याचा निर्णय शेवटी कुणाच्या तरी अहवालावर उभा असतो. विल्हेल्म आणि एस्टाब्रूक यांच्या जागी साठ वर्षांनी पदवीधर मानसशास्त्रज्ञ आले, पद्धत फार बदलली नाही. न्यायाधीश त्यांच्याकडून आईच्या लायकीचा दाखला मागत, आणि दाखला देणाऱ्याने आयुष्यात एकही अपंग आई जवळून पाहिलेली नसे. शास्त्राच्या आतून या अंधारावर बोट ठेवणारे आवाज आधीही होते. टमारा डेम्बो आणि बिएट्रिस राइट यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांबरोबरच्या कामातून एक निरीक्षण नोंदवलं होतं: धडधाकट माणसाला स्वतःचं सुख जपायचं असतं, म्हणून अपंग माणूस दुःखी असलाच पाहिजे असा त्याचा आग्रह असतो, तो दुःखी दिसला नाही तर ढोंग करतोय असं ठरवलं जातं. राइटबाईंचं १९६० चं पुस्तक पुनर्वसनाच्या अभ्यासक्रमांत वाचलं जाई. कौटुंबिक न्यायालयांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

१९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कार्नी नावाच्या बापाचं प्रकरण आलं. लष्कराच्या राखीव दलात असताना जीपच्या अपघातात पाय लुळे पडलेले, हातही नीट चालत नसलेले. दोन मुलगे त्याच्याकडेच वाढत होते. आईने जवळजवळ पाच वर्षं त्यांची भेट घेतली नव्हती, तरी खालच्या न्यायालयाने ताबा तिला दिला, कारण हा बाप मुलांबरोबर खेळणार कसा? न्यायमूर्ती स्टॅन्ली मॉस्क यांनी तो निकाल फिरवला. चेंडू टाकणं म्हणजे बापपण नव्हे. मुलाला घडवणं, त्याला माया आणि दिशा देणं यात ते असतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. नसबंदीचा कायदा रद्द झाला तो याच वर्षी.

कायदा रद्द होतो, समजूत रद्द होत नाही. त्यानंतर पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, आपल्याकडे शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना सांभाळता येत नाही, हे दिलेलं कारण. स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतल्या लोकांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. संस्थेत पाणी किती, कपडे किती, बघायला बाया किती, हा हिशेब त्या वेळी प्रथम चव्हाट्यावर आला. मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय अपंग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारे उपचार करता येणार नाहीत, हे आपल्या कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१६ साल उजाडलं.

बर्कलीत १९८२ मध्ये मेगन किर्शबॉम या बाईंनी ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ ही संस्था काढली. स्वतंत्र जगण्याच्या चळवळीतूनच ती निघाली आणि तिथे काम करणारे बरेच जण स्वतः अपंग किंवा अपंगांच्या घरातले. ज्या घरात आई, बाप किंवा मूल अपंग आहे अशा घरांबरोबर काम करायचं, हा उद्देश. किर्शबॉम यांनी न्यायालयात भांडण्याआधी एक फार साधी गोष्ट केली. त्यांनी कॅमेरा लावला.

शारीरिक अपंगत्व असलेल्या दहा आया. बाळ जन्मल्यापासून ते दुडुदुडु चालायला लागेपर्यंत, रोजची कामं करताना त्यांचं चित्रण केलं: पाजणं, लंगोट बदलणं, उचलणं, अंघोळ. कुठेही परीक्षक समोर बसलेला नाही. स्वतःचं घर, स्वतःचं टेबल, स्वतःच्या युक्त्या. आणि ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहताना जे दिसलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आया युक्त्या शोधत होत्या हे तर खरंच, पण बाळंही शोधत होती. जेमतेम महिन्याचं मूल अशक्त हातांच्या आईने उचलायला घेतलं की अंग आखडून स्थिर होई, हातपाय जवळ घेई. तेच मूल धडधाकट माणसाने उचललं तर नेहमीसारखं सैल, वळवळतं. ज्या आईला लंगोट बदलायला खूप वेळ लागे ती तेवढा वेळ बाळाशी बोलत राही, हातात काही देई, थांबे, पुन्हा लागे. आणि मूल तितका वेळ धीर धरायला शिके. रांगायला लागल्यावर मुलं आपण होऊन आईच्या पायापाशी येत, मांडीवर चढण्यात आपला वाटा उचलत.

हे निरीक्षण १९८८ मध्ये बालविकासाच्या एका नियतकालिकात छापून आलं. व्हिव्हियनकडे एका बाईने एक नजर टाकून तिच्यात काहीतरी कमी असल्याचं ठरवलं होतं, नेमकं काय ते न सांगता. इथे महिनोन् महिने पाहिलं गेलं आणि प्रत्येक हालचाल पडद्यावर थांबवून दाखवता येत होती. न्यायाधीशालाही.

चित्रणातून दुसरीही एक गोष्ट पुढे आली. दमणूक होते ती जागेच्या अडचणीने. मग संस्थेतल्या व्यवसायोपचार तज्ज्ञांनी आणि घरच्या सुतारकामवाल्यांनी मिळून वस्तू तयार केल्या. खुर्चीत बसून हात पोचेल एवढ्या उंचीचा, आणि वरून वाकायला लागू नये म्हणून कडेचं दार सरकणारा पाळणा. खालून खुर्ची जाईल असं लंगोट बदलायचं टेबल. बाळाला घालायची पट्ट्यांची झबल्यासारखी वस्तू, जिला धरून एका हाताने उचलता येईल. फार खर्चाचं यात काही नाही. त्यांच्यातली ज्यूडी रॉजर्स ही व्यवसायोपचार तज्ज्ञ स्वतः सेरेब्रल पाल्सी असलेली, दोन मुलांची आई. तिने मॉलीन मात्सुमुरा हिच्याबरोबर अपंग स्त्रियांच्या बाळंतपणावर १९९१ मध्ये पुस्तक काढलं. स्नायू आवळणाऱ्या बाईला कळा कशा येतात, चाकाच्या खुर्चीवर सातव्या महिन्यात तोल कसा बदलतो, तपासणीच्या टेबलावर चढायचं कसं, असल्या प्रश्नांना तोवर छापील उत्तरच नव्हतं. ज्या डॉक्टरांना विचारायचं त्यांना ते माहीत नसे.

इथे आपल्याकडचा वाचक जरा थबकतो. बाळाला एकटीने न्हाऊ घालता येतं का, ही कसोटीच मुळात विचित्र आहे. आपल्या किती आयांनी पहिले महिने ते काम एकटीने केलंय? पाय पसरून त्यांवर बाळ आडवं घेणारी, तेलाने रगडणारी, धुरी देणारी बाई वेगळी. रात्री मांडीवर घेऊन बसणारी आजी वेगळी. यावरून कुठल्या सुनेला नालायक ठरवल्याचं ऐकिवात नाही. अमेरिकन न्यायालयाच्या नजरेतली आई मात्र चार भिंतींत एकटी उभी असते, आणि मदत मागितली की तिचा एक गुण कापला जातो. अर्थात आपण फार टेंभा मिरवायचं कारण नाही. आपल्याकडे अपंग मुलीची ही परीक्षा होतच नाही, कारण तिला लग्नाच्या बोलाचालीपर्यंतच पोचू दिलं जात नाही.

एकटेपणाच्या त्या कसोटीत सापडली टिफनी कॅलो. सॅन होजेजवळ राहणारी, सेरेब्रल पाल्सी असलेली विशीतली मुलगी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिला दोन मुलगे झाले आणि दोन्ही वेळा समाजकल्याण खात्याने ते काढून घेतले. गरिबी, अस्थिर घर, साथ न देणारा जोडीदार ही सगळी गुंतागुंत त्या प्रकरणात होती. ती नाकारून चालणार नाही. पण फाइलमधला मुख्य मुद्दा तिचं शरीर होतं: लंगोट बदलायला हिला फार वेळ लागतो. कॅलिफोर्नियात अपंग माणसाला घरी मदतनीस मिळण्याची योजना होती. त्या मदतनिसाने टिफनीला अंघोळ घालायची, तिचं जेवण करायचं; तिच्या बाळाचं काही करायचं म्हटलं की नियम आडवा. मूल परक्या घरी ठेवायला मात्र सरकार पैसे मोजत होतं. जे मॅथ्यूज या पत्रकाराने हे प्रकरण देशापुढे आणलं आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. टिफनीने कॅमेऱ्यांसमोर भांडण मांडलं, अपंगांच्या संघटना तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मुलं अखेर दुसऱ्यांच्याच घरी वाढली.

गरिबी नसती तर? त्याचं उत्तर १९९१ च्या उन्हाळ्यात मिळालं. लॉस एंजेलिसच्या दूरचित्रवाणीवर बातम्या देणारी ब्री वॉकर, नाव आणि पैसा दोन्ही असलेली, तेव्हा गरोदर होती. हातापायांची बोटं जुळलेली असणं हा तिच्या घराण्यातला वारसा आणि तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. एका नभोवाणी कार्यक्रमात हिने मूल होऊ द्यावं का, यावर श्रोत्यांची मतं मागवली गेली. लोकांनी ती हिरिरीने दिली. ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला. देशाचा अपंगहक्क कायदा होऊन तेव्हा एकच वर्ष लोटलं होतं.

या सगळ्या धाग्यांची गाठ एका बाईच्या कामात बसलेली दिसते. रोडा ऑल्किन. बालपणी पोलिओ झालेली, मानसशास्त्रज्ञ, सॅन फ्रान्सिस्कोत उद्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना शिकवणारी प्राध्यापक, दोन मुलांची आई. १९९९ मध्ये तिने मानसोपचारतज्ज्ञांना अपंगत्वाबद्दल काय माहीत असावं यावर पुस्तक लिहिलं. ते तिने आपल्याच व्यवसायाला सुनावलेले खडे बोल आहेत. वंश, भाषा, लैंगिकता यांविषयी संवेदनशील व्हायला शिकवणारे अभ्यासक्रम अपंगांबद्दल बोलत नाहीत, हा तिचा पहिला मुद्दा. अपंग माणूस सल्ला घ्यायला आला की तज्ज्ञ त्याच्या पायांबद्दल बोलायला लागतो. तो आलेला असतो बायकोशी पटत नाही म्हणून. किंवा उलटं: तज्ज्ञ इतका सभ्य होतो की खुर्चीचा उल्लेखच टाळतो, आणि रोज जिन्यांशी, रोखून पाहणाऱ्या नजरांशी, विमा कंपनीशी भांडून थकलेलं माणूस ते भांडण बोलू शकत नाही. अपंगांना तिने एक अल्पसंख्य समाज म्हणून पाहायला सांगितलं, फक्त त्यात एक अडचण सांगितली जी इतर अल्पसंख्यांना नसते. अपंग मूल बहुधा धडधाकट आईबापांच्या पोटी येतं. आपल्यासारखं म्हणावं असं घरात कुणी नसतं.

ऑल्किनने किर्शबॉम यांच्या संस्थेबरोबर मिळून एक मोठी पाहणीही हाती घेतली. तान्ह्या बाळांचं झालं, आता वयात येणारी मुलं. अपंग पालकांची घरं आणि इतर घरं, दोन्हीकडे आईबापांना विचारलं, किशोरवयीन मुलांनाही. मानसशास्त्राच्या जुन्या साहित्यात ठाम समजूत होती की अशा घरातलं मूल अकाली म्हातारं होतं, आईची शुश्रूषा करता करता त्याचं बालपण संपतं. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही प्रकारच्या घरांत वेगळेपणापेक्षा सारखेपणा बराच जास्त निघाला. ठळक फरक पैशाचा होता: अपंग पालकांचं उत्पन्न कमी. मूल गरिबीमुळे जे सोसत होतं ते आईच्या कुबड्यांच्या खात्यावर मांडलं जात होतं.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अपंगत्व परिषदेने या विषयावर जाडजूड अहवाल काढला. तो लिहिणारी रॉबिन पॉवेल स्वतः अपंग, कायद्याची जाणकार. अठराच्या आतली मुलं असलेले किमान ४१ लाख अपंग पालक देशात आहेत, म्हणजे अशा पालकांपैकी ६.२ टक्के, असा अंदाज त्यात दिलेला आहे. पालकत्व काढून घेताना अपंगत्व हे कारण म्हणून धरण्याची मुभा तेव्हाही सुमारे दोन-तृतीयांश राज्यांच्या कायद्यांत होती. मानसशास्त्रीय चाचण्यांविषयीचा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटला. अपंग लोकांना डोळ्यांपुढे ठेवून ज्या कधी बनवल्याच नाहीत अशा प्रश्नावल्या, अनोळखी खोलीत, आईच्या नेहमीच्या वस्तू आणि माणसं बाजूला काढून, तिच्यासमोर ठेवायच्या आणि मग तिला जमत नाही असं लिहायचं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने अपंगांची तपासणी कशी करावी याची पहिली मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली तीही त्याच वर्षी.

त्या अहवालात मिसुरी राज्यातल्या एका अंध जोडप्याची हकिकत आहे. २०१० मध्ये त्यांना मुलगी झाली. पहिलटकरीण आई पाजत असताना बाळाचं नाक क्षणभर दबलं. हे कुठल्या पहिलटकरणीचं होत नाही? परिचारिकेने तेवढं सावरून दिलं, पण नोंद वर गेली आणि दोन दिवसांचं ते बाळ, आईबाप आंधळे आहेत म्हणून, सरकारने ताब्यात घेतलं. आईला भेटीला जायचं ते घड्याळ लावून, दुसऱ्याच्या देखरेखीखाली. ५७ दिवसांनी राज्याने प्रकरण मागे घेतलं आणि मुलगी घरी आली. पाजण्याचे ते पहिले दिवस मात्र गेले होते. पुढच्या वर्षी मिसुरीने कायद्यात बदल केला. आईबापाच्या अपंगत्वामुळे मुलाचं प्रत्यक्ष नुकसान होतंय हे दाखवल्याशिवाय नुसत्या अपंगत्वावर बोट ठेवता येणार नाही, अशी त्यात तरतूद झाली, आणि ते दाखवण्याची जबाबदारी सरकारवर पडली.